स्वतःला पाडायला निघालेला मेंबर

किसन मेंबर आयुष्यात एकदाच मतं मागायला फिरला, आणि तीही स्वतःच्या विरोधात. पत्र्याच्या शेडच्या रांगेत दारोदार जाऊन तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "यावेळी मले पाडा." लोक त्याला बसायला खाट द्यायचे, चहा पाजायचे, आणि हो-हो करून वाटेला लावायचे. पुढे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी हा माणूस कोण होता ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारपणी त्याचं डोकं फिरलं होतं. डोकं चांगलं शाबूत होतं आणि त्याचं दुखणं तेच होतं.

मी ग्रामसेवक होतो. आता निवृत्त होऊन नागपुरात, जरीपटक्याच्या पुढे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझी पहिली नेमणूक कन्हान नदीच्या काठावरच्या एका गट ग्रामपंचायतीत झाली. तेव्हा ग्रामसेवकाला सगळे सेक्रेटरीच म्हणत. या पंचायतीत काठावरची दोन गावं होती, आणि नदीच्या दोन फाट्यांच्या मधोमध एक बेट होतं. सरकारदरबारी त्याला चांगलं नाव होतं, पण ते फक्त शिक्क्यावर. लोक टापू म्हणत. टापूवर तीस-पस्तीस घरं, सगळी ढिवरांची. बारा महिने मासेमारी, उन्हाळ्यात वाळूत डांगरं आणि काकड्या. ये-जा डोंग्याने, म्हणजे लाकडी होडीने. पंचायतीत टापूचा एक सदस्य असे आणि मी गेलो तेव्हा तो किसन होता. मी तिथून बदलून गेलो तेव्हाही तोच होता आणि निवृत्त झालो तेव्हाही तोच.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कपडे बदलताना. डोंगा काठाला लागला, त्यातून लंगोटी आणि बनियान घातलेला एक काळाकुळा, रुंद खांद्यांचा माणूस उतरला, कडुनिंबाखाली गेला, प्लास्टिकच्या पिशवीतून पांढरा पायजमा-शर्ट काढून चढवला, केसांना पाणी लावलं आणि थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "मी मेंबर. टापूचं काय?" त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत प्रत्येक सभेची सुरुवात त्याने याच वाक्याने केली. विषय नालीचा असो की दिवाबत्तीचा, किसन उभा राहणार आणि विचारणार, टापूचं काय? आमचे सरपंच मोठे बागायतदार, स्वभावाने टवाळ. ते म्हणायचे, टापू कुठं पळून चालला का गा? सभा हसायची, किसनही हसायचा, आणि पुन्हा तेच विचारायचा.

बैठकीत आपल्या टापूचा विषय निघेपर्यंत तो खुर्चीवर बसत नसे. भिंतीला टेकून प्लास्टिकच्या कागदात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा राही. खर्रा घोटण्याचा तो आवाज मला भयंकर चीड आणायचा. मी एकदा सांगितलंही. तेव्हापासून तो दाराबाहेर उभा राहून घोटू लागला, पण कान आतच ठेवून. साहेब लोकांना मासे देण्याबद्दलही त्याचा एक कायदा होता. काम होण्याआधी कोणालाही मासा द्यायचा नाही. काम झालं की मात्र दुसऱ्याच दिवशी चांगला हातभर मरळ घेऊन हजर. का रे बाबा असं, म्हटलं तर म्हणाला, "आधी देल्ली तर लाच होते, मंग देल्ली तर पाहुनपन." सरकारी नोकरीत मी पुष्कळ परिपत्रकं वाचली, पण हा विषय इतका स्वच्छ मांडलेला कुठे आढळला नाही. अर्थात या कायद्यामुळे त्याची बरीचशी कामं व्हायची राहूनच गेली.

टापूवर कधी निवडणूक होत नसे. किसन दरवेळी बिनविरोध. पहिल्यांदा मला वाटलं, दहशत असेल, नाहीतर पैसा. दोन्ही नव्हतं. कारण होतं टापूचा डोंग्यांचा नियम.

किसनच्या आजोबांच्या काळात मोठा पूर आला होता. तेव्हा धडधाकट लोक आपापले डोंगे घेऊन निघून गेले आणि म्हातारेकोतारे झाडांवर राहिले. त्यातले काही उतरलेच नाहीत. त्यानंतर टापूने ठरवलं की नदी चढू लागली की सगळे डोंगे आणून एकाच करंजाच्या झाडाला बांधायचे, आणि ते मेंबरनेच सोडायचे. तोवर कोणी डोंग्याला हात लावायचा नाही. पहिल्या डोंग्यात अंगावर पाजणाऱ्या बाया आणि म्हातारी माणसं, मग पोरं, मग बाकीचे. मेंबरचं घर शेवटच्या डोंग्यात. आणि डोंगे सोडायचे कधी, तर नदीच्या मधोमध बसलेल्या म्हशीसारखा एक काळा खडक आहे, त्याची पाठ बुडाली की. म्हैस बुडाल्यापासून अंगणात पाणी यायला अर्धा दिवस लागायचा. पिढ्यान्‌पिढ्या कोणाचा हिशेब चुकला नव्हता.

म्हणजे टापूवर मेंबर होणं म्हणजे आपली बायकोपोरं शेवटच्या डोंग्यात बसवणं. कोण मागणार अशी मेंबरकी? किसनला बसवलं तेव्हा तो बिनलग्नाचा होता, म्हणून सोपं गेलं. पुढे त्याच्या दोन सोयरिकी याच नियमापायी मोडल्या. मुलीचा बाप विचारायचा, आमची पोरगी शेवटी बसन का? किसन हो म्हणायचा. तिसऱ्या ठिकाणी बापाऐवजी पोरीनेच विचारलं की तुमी कोनत्या डोंग्यात बसता? शेवटच्या, म्हटल्यावर ती म्हणाली, मंग मी बी तिथंच बसन. ही आमची मेंबरीण. हा किस्सा सांगताना किसन लाजायचा, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी सांगायचाच.

त्याला पूल हवा होता. दुसरं काही त्याने कधी मागितलं नाही. एका निवडणुकीच्या आधी मोठे पुढारी टापूवर यायला निघाले. डोंगा किसनने स्वतः वल्हवला. मी मागे बसलो होतो. भर उन्हाळा, पाणी संथ, तरी पुढाऱ्यांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेले. मधोमध आल्यावर किसनने वल्हं उचलून मांडीवर ठेवलं, कागद काढला आणि शांतपणे खर्रा घोटायला लागला. डोंगा हळूहळू गोल फिरू लागला. पुढारी म्हणाले, काय झालं? "काई नाई साहेब. काठावर तुमाले लय लोक असतेत, आमचं आयकू येत नाई. इथं निवांत हाय. पुलाचं बोला." पुढारी बोलले. भरभरून बोलले. त्या उन्हाळ्यात काठावर भूमिपूजन झालं, संगमरवरी पाटी बसली. पूल काही आला नाही. पाटीच्या सावलीला शेळ्या बसू लागल्या आणि किसनने एकदा मला गंभीरपणे सांगितलं की शेळ्यांची तरी सोय झाली.

माझी बदली जिल्हा परिषदेत झाल्यावर तो पुलाच्या अर्जासाठी नागपूरला यायचा आणि माझ्याकडे उतरायचा. सिव्हिल लाइन्समध्ये दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर टोलवला जायचा आणि संध्याकाळी येऊन आधी तांब्याभर पाणी प्यायचा. आमच्या भागात नळाला कन्हानचंच पाणी येतं. "आमचंच हाय," म्हणायचा, "फक्त दवा टाकून गुळगुळीत केलं." माझ्या बायकोला तो ताई म्हणायचा आणि तिने कितीही आग्रह केला तरी पलंगावर झोपायचा नाही. मला तो आवडायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मग ते वर्ष आलं. मी निवृत्त झालो होतो. जे सांगतो ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

ऑगस्ट संपत आला होता. आमच्याकडे दोन दिवसांपासून ऊन पडलेलं. सकाळी काठावरच्या कोतवालाचा फोन आला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, टापू खाली करा. याआधी दोनदा असा फोन आला होता. दोन्ही वेळा लोक पोराबाळांसकट काठावर जाऊन शाळेत राहिले, पाणी काही आलं नाही, आणि परतले तर कोणीतरी जाळी आणि बकऱ्या घेऊन गेलेलं. किसनने बाहेर येऊन नदी पाहिली. म्हशीची पाठ कोरडी, उन्हात तापलेली. त्याने नियमाप्रमाणे डोंगे करंजाला बांधून घेतले आणि सांगितलं, वाट पाहू.

तेव्हा शालिक आला. शालिक त्याच्या शेजारचा, पंचविशीतला, अबोल पोरगा. किसननेच त्याचं लग्न जमवून दिलेलं. बायको पारबता, दोन महिन्यांची बाळंतीण. शालिकने विचारलं, "मेंबर, पारबताले तरी पुढं नेऊन सोडू का? मी लगेच डोंगा वापस आनतो."

किसन म्हणाला, "एकाले सोडलं का सगळे मांगतीन. म्हस अजून कोरडी हाय. संगच जाऊ."

शालिक बरं म्हणाला आणि घरी गेला.

पावसाचा पूर चढतो, धरणाचा पूर येतो. हा फरक टापूवर कोणालाच माहीत नव्हता, कारण तो कोणाच्या आजोबांनी पाहिला नव्हता. म्हैस बुडाली आणि माणसाचं जेवण होईतो अंगणात गुडघाभर पाणी होतं. किसनने डोंगे सोडले. घाबरून नियम मोडला असता तरी चाललं असतं, पण त्याने तो अक्षरशः पाळला. पहिल्या डोंग्यात पाजणाऱ्या बाया आणि म्हातारे. वल्ह्यावर शालिक आणि आणखी एक जण. डोंगा धारेला लागला आणि वरून वाहत आलेल्या झाडाच्या बुंध्याने तो उलटा केला. बाकीचे बुंध्याला लटकून वाचले. पारबता दोन दिवसांनी खालच्या बंधाऱ्याजवळ सापडली. लेकरू सापडलंच नाही.

ते पाहून उरलेले सगळे टापूवरच्या एकखोली शाळेच्या स्लॅबवर चढले. दुपारी सरकारी मोटरबोट आली आणि एकेक करून सगळ्यांना घेऊन गेली. शेवटी मेंबरचं घर. किसन, मेंबरीण, दोन मुलं, सुना, नातवंडं, सगळे धड. मेंबरिणीने डालीत घातलेल्या कोंबड्यासुद्धा वाचल्या. शेवटी राहिले ते वाचले आणि आधी गेलेल्यांतले दोन गेले.

काठावरच्या शाळेत मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभा होता. बसत नव्हता. मला म्हणाला, "सेक्रेटरी, मले कोनी काई म्हनतच नाई." मला वाटलं, बरंच आहे. त्याचं म्हणणं कळायला मला बरेच दिवस लागले. चौकशीला साहेब आले तेव्हा त्याने पुढे होऊन सांगितलं की फोन आला होता, मीच थांबवलं. साहेब भला माणूस. त्याने पाठीवर हात ठेवला आणि नैसर्गिक आपत्ती असं लिहून घेतलं. टापूचे लोक म्हणाले, मेंबरनं नियम पाळला, स्वतःचं घर शेवटी ठेवलं, अजून का करन माणूस? ज्या म्हाताऱ्या त्या डोंग्यातून वाचल्या त्याही त्याच्या पाया पडल्या. पाया पडून घेताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. तो पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

आणि शालिक. किसन रोज सकाळी जाऊन त्याच्यासमोर बसायचा. शालिक जाळं विणत असायचा. किसन म्हणायचा, शालिक गा, तू मले इचारलं होतं. शालिक मान वर न करता म्हणायचा, "दगड कोरडा होता मेंबर. मी बी पायला." त्याने आपण विचारलं होतं हे कोणालाच सांगितलं नाही. किसनने चारचौघांत सांगितलं तर शालिक म्हणाला, मले असं काई याद नाई. मग लोक किसनलाच समजावू लागले की दुःखाने तुमच्या मनाला काहीबाही वाटून राहिलं.

टापूवर परत जायला परवानगी मिळाली नाही. लोकांना काठावर पत्र्याचे शेड दिले. पुढच्या वर्षी निवडणूक लागली. किसन माझ्याकडे नागपूरला आला तो हेच सांगायला की आपल्याला पडायचं आहे. मी म्हटलं, उभाच राहू नकोस, झालं. तो चिडला. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यावर चिडला. "बसलो तर लोक म्हनतीन मेंबर थकला, आराम करून राहिला. मले आराम नाई पायजे. मले लोकाइनं पाडलं पायजे."

त्याने शालिकला उभं केलं. शालिकने नाही म्हटलं नाही, तो किसनला कशालाच नाही म्हणत नसे. किसनने स्वतः हाताला धरून त्याला तहसीलला नेलं, अर्ज भरला, आणि मग दारोदार फिरला. मी एक दिवस त्याच्यासोबत होतो. एका म्हातारीला तो म्हणाला, काकू, माझ्यापायी दोन जीव गेले, शालिकले मत द्या. म्हातारी म्हणाली, तू जेवला का रे? त्याने बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली. मला तेव्हा त्या लोकांचा राग आला. इतकं प्रेम माणसावर करू नये.

मतमोजणीला मी मुद्दाम गेलो होतो. टापूची एक सोडून सगळी मतं किसनला पडली. शालिकला ते एकच मत होतं. ते कोणाचं हे सांगायची गरज नव्हती, किसन मान खाली घालून उभा होता. म्हणजे शालिकनेही आपलं मत किसनलाच दिलं. लोकांनी गुलाल आणला होता. किसनला लावायला सगळ्यांत आधी शालिकच पुढे झाला.

त्यानंतर किसन सभेला जायचा, पण खुर्चीवर बसून राहायचा, उठून काही विचारायचा नाही. सरपंच आता नवे होते, त्यांना तो चांगला, समजूतदार सदस्य वाटायचा. दोन वर्षांनी पूल झाला. टापूवर माणूस उरला नव्हता, पण रेतीचा लिलाव झाला होता आणि ट्रकांना रस्ता हवा होता. उद्घाटनाला मेंबर म्हणून त्याला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. तो गेला नाही. मेंबरिणीने मला सांगितलं की त्या दिवशी त्यांनी घराचं दार लावून घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा मला फोन शालिकनेच केला. मुलं आलटून पालटून येत, पण राहायचा तो शालिक. खाटेखाली चादर टाकून झोपायचा, अंग पुसायचा, कूस बदलून द्यायचा. आजूबाजूच्या खाटेवरचे लोक त्याला किसनचा मुलगाच समजत. एक नर्स मला म्हणाली, असा मुलगा नशिबाने मिळतो.

मी गेलो की किसन डाव्या हाताने माझी बाही धरायचा आणि डोळे शालिककडे फिरवायचा. तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. शब्द नव्हते, पण मला कळत होतं. शेवटच्या दिवशी मला ते पाहवलं नाही. मी शालिकला बाहेर वऱ्हांड्यात बोलावलं आणि सरळ सांगितलं, अरे, हा माणूस चालला. त्याला तुझ्याकडून एक शब्द हवा आहे. चुकलात मेंबर, एवढं एकदा म्हणून टाक. तुझं काय जातं?

शालिक कठड्याला टेकून खाली गर्दीकडे पाहत होता. मला वाटलं, त्याला समजलं नाही.

"मले मालूम हाय साहेब," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून मालूम हाय त्याले का पायजे ते."

"मग?"

"म्या म्हनलं का तो मोकळा होते. मी नाई झालो मोकळा. त्याले काहून करू?"

हे तो रागाने म्हणाला नाही. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला क्षमा म्हणत होतो ते काय होतं, हे मला त्या वऱ्हांड्यात कळलं, आणि किसनला ते माझ्याही कितीतरी आधी कळलेलं असणार.

पेजेचा डबा आला होता. तो घेऊन शालिक आत गेला. मी दारात उभा राहिलो. त्याने किसनच्या मानेखाली हात घालून त्याला हलकेच वर उचललं, दंडावर टेकवलं आणि गळ्याशी फडकं लावलं. "मेंबर, तोंड उघडा," तो म्हणाला. किसनने त्याच्या तोंडाकडे पाहत तोंड उघडलं. पेज गरम होती. शालिक एकेक चमचा फुंकून फुंकून त्याला भरवत होता.